अर्ज कागदावर, नोंद स्क्रीनवर: दोन्हींत नेमकं काय सारखं हवं?

प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या प्रवेशनोंदणीचा कागदी अर्ज वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. आता नवी संगणक प्रणाली येते आहे. काही विद्यार्थी स्वतः ऑनलाइन फॉर्म भरतील, बाकीचे कागदावर भरतील आणि त्यांची एंट्री कार्यालयातले कर्मचारी करतील. कार्यालयाचा आग्रह आहे की स्क्रीन हुबेहूब अर्जासारखी हवी. सॉफ्टवेअर बनवणारे म्हणतात, कागदाची नक्कल करायचे दिवस गेले. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धंच ऐका. ते दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत. कार्यालयाच्या डोळ्यांसमोर आहे एंट्री करणारा कर्मचारी, तर सॉफ्टवेअरवाल्यांच्या डोळ्यांसमोर आहे मोबाइलवर फॉर्म भरणारा विद्यार्थी. दोघांना एकच स्क्रीन द्यायची असं गृहीत धरलं की हा वाद सुटतच नाही. मी प्रवेश विभागांसोबत अर्जांचं काम बरीच वर्षं करतो आहे आणि माझं मत ठाम आहे: सारखे ठेवायचे ते प्रश्न, त्यांचे शब्द, त्यांचे क्रमांक, उत्तरांचे पर्याय आणि रकाना कोरा राहिला तर त्याचा अर्थ. दिसणं कुठे सारखं ठेवायचं आणि कुठे सोडून द्यायचं, ते स्क्रीनसमोर कोण बसणार आहे त्यावर ठरवायचं.

आधी कर्मचाऱ्याचं पाहू. एंट्री चालू असताना कोणाच्या तरी मागे थोडा वेळ उभे राहा. डावीकडे अर्जांचा गठ्ठा, नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. हात बसलेला माणूस स्क्रीनकडे जवळजवळ बघतच नाही. रकाना वाचतो, टाइप करतो, टॅब मारतो, पुढचा रकाना वाचतो. टॅब मारला की कर्सर कागदावरच्या पुढच्याच रकान्यात जाणार, हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं. आता समजा कागदावर जन्मतारखेनंतर राष्ट्रीयत्व आहे आणि स्क्रीनवर जन्मतारखेनंतर ईमेल. दर अर्जाला तिथे त्याला मान वर करावी लागते, कागदावर पुढचा रकाना शोधावा लागतो, मग परत मागे यावं लागतं. मागे येताना नजर एक ओळ वर किंवा खाली बसते. आईचं नाव वडिलांच्या रकान्यात जातं ते असं. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. दिवसभर शेकडो अर्ज मारणाऱ्या माणसाला आपण दर अर्जाला तीच ठेच लागेल अशी व्यवस्था केलेली असते.

म्हणून कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर रकान्यांचा क्रम कागदाप्रमाणेच हवा आणि कागदावरचा प्रश्नक्रमांक रकान्याच्या नावाआधी ठळक दिसायला हवा. कागदाचं पहिलं पान संपतं तिथेच पहिली स्क्रीन संपली पाहिजे, म्हणजे पान उलटणं आणि ‘पुढे’ जाणं एकाच वेळी होतं. माऊसला हात लावावा लागता कामा नये. पर्यायांना कागदावरच आकडे छापलेले असावेत, १ पूर्णवेळ, २ अर्धवेळ, ३ दूरशिक्षण असे, म्हणजे खूण दुसऱ्या चौकटीत दिसली की २ दाबून पुढे जाता येतं. ही कल्पना नवी नाही. पंच कार्डांच्या (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांच्या) काळात, म्हणजे आयबीएमने १९२८ साली आणलेल्या ८० स्तंभांच्या कार्डापासून पुढे कित्येक दशकं, एंट्रीसाठी जाणारे अर्ज असेच आखले जायचे. उजव्या कडेला ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ म्हणून जी पट्टी आजही काही अर्जांवर दिसते, तिचा एक उपयोग कोड लिहिण्यासाठी होता. कार्डं गेली, पट्टी राहिली, आणि आता तिथे नक्की काय लिहायचं हे विचारलं तर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतं.

इतकी शिस्त पाळायची म्हणजे स्क्रीन कागदाची गुलाम झाली, असा आक्षेप येतो. त्यावर माझं उत्तर: कागदही बदला. का कोण जाणे, छापील अर्ज म्हणजे दगडावरची रेघ आणि सॉफ्टवेअर म्हणजे हवं तसं वळणारी वस्तू, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात उलटंच असतं. अर्ज दर वर्षी नव्याने छापला जातो, त्यातला एक रकाना हलवायला फार वेळ लागत नाही. प्रणालीतला एक रकाना हलवायला मात्र बैठका लागतात.

आणि कागदात बदलण्यासारखं बरंच असतं. दोन स्तंभांत छापलेला अर्ज घ्या. जागा वाचावी म्हणून डावीकडे कायमचा पत्ता, उजवीकडे पत्रव्यवहाराचा पत्ता. भरणारा आडवा वाचतो की उभा? निम्मे आडवे वाचतात, निम्मे उभे, आणि पिनकोड दुसऱ्याच पत्त्याला चिकटतो. स्क्रीन बनवणाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो आणि तो आपल्या मनाने एक क्रम निवडतो. अशा अर्जाला स्क्रीन जुळवणं अशक्यच आहे, कारण अर्जालाच क्रम नाही. एका स्तंभात छापा, एक पान वाढलं तर वाढू द्या. एंट्रीत वाचणारा वेळ कागदाच्या खर्चापेक्षा जास्त असतो.

आता विद्यार्थी. तो थेट मोबाइलवर फॉर्म भरतो आहे. त्याने तुमचा कागदी अर्ज पाहिलेला नाही, पाहणारही नाही. ए-४ कागदाच्या २१० बाय २९७ मिलिमीटर जागेत काय कुठे बसवलं होतं याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नाही. कागदाची प्रतिमा स्क्रीनवर ठेवून तिच्यावर चौकटी काढून दिल्या, तर त्याला बोटांनी मोठं-लहान करत डावीउजवीकडे सरकत बसावं लागतं. इथे सॉफ्टवेअरवाले बरोबर आहेत. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने आपल्या फॉर्मसाठी ‘एका पानावर एकच गोष्ट विचारा’ असा पायंडा पाडला, आणि क्वचित एकदा फॉर्म भरणाऱ्यासाठी तो चांगला आहे. पण हाच नियम कर्मचाऱ्याला लावला तर त्याला एका अर्जासाठी चाळीस वेळा ‘पुढे’ दाबावं लागेल. नियम वाईट नाही. माणूस वेगळा आहे.

संगणकाच्या पडद्यावरच्या रचनेत सुसंगती पाळा, हे तत्त्व वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९४ साली मांडलेल्या दहा नियमांमध्येही आहे आणि ते सगळे जण पाठ म्हणतात. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८९ मध्ये, संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मासिकात सुसंगतीच्या विरोधात एक लेख लिहिला होता, तो फारसा कोणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं असं की सुसंगती हे ध्येय म्हणून घेतलं तर रचना भरकटते, कारण कशाशी सुसंगत याची उत्तरं अनेक निघतात आणि ती एकमेकांशी भांडतात. वापरणाऱ्याचं काम काय, तिथून सुरुवात करावी. तुमच्या वादात नेमकं हेच चाललं आहे. स्क्रीन कागदाशी सुसंगत हवी की इतर वेबसाइटशी, असं दोन्ही बाजू विचारत आहेत. कोण काय काम करतो आहे, हे कोणी विचारत नाही.

म्हणजे दोन स्क्रीन हव्यात: एक एंट्रीची, एक विद्यार्थ्याची. इथे हमखास शंका येते की दोन स्क्रीन आणि एक कागद, म्हणजे तीन जागी तीन वेगळे प्रश्न होतील. होतातच, जर प्रश्नांची मूळ प्रत कुठे नसेल तर. ती करा. साधी स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक प्रश्न: क्रमांक, नेमके शब्द, खालची सूचना, पर्याय आणि त्यांचे कोड, जास्तीत जास्त अक्षरं, अनिवार्य आहे का, कोणाला लागू, आणि ही माहिती पुढे कोण कशासाठी वापरतं. हा शेवटचा रकाना भरायला बसलात की काही प्रश्नांपुढे काहीच लिहिता येत नाही. ते प्रश्न काढून टाका. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक अर्जात असे प्रश्न निघाले. कधीकाळी कोणा अधिकाऱ्याला एका अहवालासाठी हवे होते, तो निवृत्त झाला, प्रश्न राहिला.

कागद आणि दोन्ही स्क्रीन या यादीतून निघाव्यात, आणि यादी सॉफ्टवेअरवाल्यांच्या ताब्यात नसावी. प्रवेश विभागातल्या एका माणसाच्या नावावर असावी. शब्द बदलायचा तर आधी यादीत बदलेल, मग तिन्ही ठिकाणी. कागदावर ‘उत्तीर्ण झालेली शेवटची परीक्षा’ आणि स्क्रीनवर ‘सर्वोच्च शैक्षणिक पात्रता’, असं लिहिलं की एकाच विद्यार्थ्याची दोन खरी उत्तरं निघू शकतात. पदवीनंतर पदविका केलेल्याला विचारून बघा.

या सगळ्यात लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते कोऱ्या रकान्याकडे, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. म्हणून यावर जरा सविस्तर.

कागदावर रकाना कोरा असू शकतो. तो का कोरा आहे याची निदान चार कारणं असतात: विसरला, लागू नाही, सांगायचं नाही, किंवा लिहिलंय पण वाचता येत नाही. चौथ्या प्रकारात रकाना कोरा नसतो, पण एंट्री करणाऱ्यासाठी तो कोऱ्यासारखाच. आता स्क्रीनवर त्या जागी ड्रॉपडाऊन आहे आणि बनवणाऱ्याने यादीतला पहिला पर्याय आधीच निवडून ठेवला आहे. कर्मचाऱ्याने कोऱ्या रकान्यावरून टॅब मारला की काय नोंदलं जातं? पहिला पर्याय. यादी अकारविल्हे असेल तर देशाच्या रकान्यात अफगाणिस्तान. असा आकडा अहवालात दिसला तर हसू तरी येतं आणि चूक सापडते. पण पहिला पर्याय ‘पूर्णवेळ’ असेल किंवा ‘वसतिगृह नको’ असेल, तर ती चूक खऱ्या उत्तरासारखीच दिसते आणि कधीच सापडत नाही. तारखांचंही तसंच. एकाएकी १ जानेवारी १९७० किंवा १ जानेवारी १९०० रोजी जन्मलेले विद्यार्थी दिसू लागले, तर तो योगायोग नसतो. पहिली तारीख म्हणजे युनिक्स या संगणक प्रणालीच्या घड्याळाचा शून्य, दुसरी म्हणजे एक्सेलच्या तारखांची सुरुवात. कोऱ्या जागेचं रूपांतर तारखेत झालं आहे.

यावर इलाज सोपा आहे. कोणताही पर्याय आधी निवडलेला नको. आणि एंट्रीच्या स्क्रीनवर ‘कोरं’, ‘लागू नाही’, ‘सांगितलं नाही’, ‘वाचता येत नाही’ हे चार वेगळे कोड हवेत, प्रत्येक रकान्यात तेच. लिंगासाठीच्या आयएसओ ५२१८ या आंतरराष्ट्रीय मानकात ० म्हणजे माहीत नाही आणि ९ म्हणजे लागू नाही, असे दोन स्वतंत्र कोड कित्येक दशकांपासून आहेत. ज्यांनी ते केलं त्यांनी कोऱ्या रकान्यांचा त्रास आधी भोगलेला असणार. कागदावरही ‘लागू नाही’ची चौकट छापा, म्हणजे निदान दोन कारणं भरणाऱ्यानेच वेगळी केलेली असतील. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘लागू नाही’ बऱ्याचदा प्रणालीलाच कळतं, कारण आधीच्या उत्तरावरून तो प्रश्न तिने विचारलाच नाही. पण साठवताना तिथे रिकामी जागा न ठेवता ‘लागू नाही’चाच कोड टाकायचा. नाहीतर कागदावरून आलेली आणि ऑनलाइन आलेली माहिती एकत्र मोजता येत नाही, आणि पहिल्याच अहवालाला कोणीतरी विचारतं की ऑनलाइनवाले इतके अपूर्ण फॉर्म का भरतात.

याचीच दुसरी बाजू म्हणजे अनिवार्य रकाने. ऑनलाइन फॉर्म भरणारा विद्यार्थी समोर बसलेला आहे, त्याला अडवून विचारता येतं. कागद अडवता येत नाही, तो भरून आलेला असतो. एंट्रीच्या स्क्रीनवर ‘मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असं बंधन घातलं आणि कागदावर क्रमांकच नसेल, तर कर्मचारी काय करतो? ९९९९९९९९९९ टाकतो आणि पुढे जातो. मी त्याला दोष देत नाही, त्याच्यापुढे गठ्ठा आहे. पण त्या क्रमांकावर पुढे संदेश जातात, आणि त्या विद्यार्थ्याचा संपर्क तुटला हे कोणाच्याच लक्षात येत नाही. एंट्रीची स्क्रीन कागदापेक्षा कडक असता कामा नये. जे आलंय ते जसंच्या तसं घ्यावं, अर्जाला ‘त्रुटी’ची खूण लावावी, आणि त्रुटी असलेले अर्ज वेगळ्या यादीत दिसावेत. ती यादी घेऊन विद्यार्थ्याला फोन करणं किंवा पत्र पाठवणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळ्या माणसाने करावं. नोंद करणं आणि छाननी करणं ही दोन कामं एका स्क्रीनमध्ये कोंबली की दोन्ही बिघडतात. हे वाक्य मी इतक्या बैठकांत म्हटलं आहे की काही ठिकाणी मी तोंड उघडण्याआधीच लोक ते म्हणतात.

समासातल्या नोंदींसाठीही जागा लागते. कागदावर विद्यार्थी बाजूला लिहितो: ‘निकाल अजून आला नाही’, ‘नाव बदललं आहे, राजपत्राची प्रत जोडली आहे’. स्क्रीनला समास नसतो. एंट्रीच्या प्रत्येक पानाखाली एक मोकळा रकाना ठेवा, ‘अर्जावरचा इतर मजकूर’ असा. भरलेला असेल तर अर्ज आपोआप छाननीकडे जावा.

तारखेबद्दल थोडक्यात. ०३/०४/२००६ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे देशागणिक बदलतं. वर्ष-महिना-दिवस असा क्रम सांगणारं आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे. ते साठवण्यासाठी वापरा, माणसांवर लादू नका. कागदावर दिवस, महिना, वर्ष अशा नावांच्या वेगळ्या चौकटी छापा. एंट्रीत त्याच क्रमाने आकडे टाइप होऊ द्या आणि टाइप झाल्यावर बाजूला ‘३ एप्रिल २००६’ असं अक्षरांत दिसू द्या. कॅलेंडर उघडून बटणं दाबत जन्मवर्षापर्यंत मागे जायला लावणारी स्क्रीन कर्मचाऱ्यासाठी शिक्षा आहे, आणि विद्यार्थ्यासाठीही काही बरी नाही.

नावाचा रकाना दिसतो साधा, पण तिथे तीन मोजमापं एकमेकांशी बोलत नाहीत. कागदावर अक्षरागणिक चौकटी, समजा तीस. प्रणालीत मर्यादा पन्नास. ओळखपत्र छापणाऱ्या यंत्रात पंचवीस. कागदावर नाव तिसाव्या चौकटीला संपतं, मग विद्यार्थी शेवटचा भाग आखडून लिहितो. ऑनलाइन भरणारा पूर्ण लिहितो. पदवी प्रमाणपत्राच्या वेळी एकाच आडनावाच्या दोन भावंडांची आडनावं वेगळी निघतात. प्रश्नयादीतला ‘जास्तीत जास्त अक्षरं’ हा रकाना यासाठीच आहे: तीच लांबी कागदावर, तीच प्रणालीत, आणि छापणाऱ्या यंत्रांना ती झेपते का ते आधी तपासायचं. परदेशी विद्यार्थी असतील तर आणखी एक गोष्ट. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावाला ३९ जागा असतात आणि तिथे फक्त साधी रोमन अक्षरं चालतात. लांब नाव तिथे तुटतं, अक्षरांवरची चिन्हं गळतात. स्कॅनरने त्या ओळींतून नाव उचललं आणि विद्यार्थ्याने कागदावर वरचं, नीट छापलेलं नाव लिहिलं, तर दोन नोंदी जुळत नाहीत आणि एका माणसाची दोन माणसं होतात. शिवाय ‘नाव’ आणि ‘आडनाव’ हे दोन्ही रकाने अनिवार्य ठेवू नका. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असतं. स्पेनमध्ये दोन आडनावं असतात. आइसलँडमध्ये शेवटचं नाव बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनतं आणि घरात प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. ‘अधिकृत कागदपत्रावर आहे तसं पूर्ण नाव’ हा एक रकाना आणि ‘आम्ही तुम्हाला काय म्हणावं’ हा दुसरा, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

क्रमांकांसाठी वेगळी काळजी. हातांच्या चुका ओळखीच्या आहेत: एक आकडा चुकतो किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडतात. कागदी अर्जावर आधीच छापलेला अर्ज क्रमांक असेल तर त्याच्या शेवटी एक पडताळा अंक, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला अंक, घाला. हान्स पीटर लून यांची पद्धत, जिचं पेटंट १९६० सालचं आहे, एकेरी चूक नेहमी पकडते, उलटापालट बहुतेक वेळा पकडते, फक्त ०९ चं ९० झालं तर तिला कळत नाही. १९६९ मध्ये याकोबस व्हरहूफ यांनी दिलेली पद्धत दोन्ही प्रकारच्या चुका पूर्ण पकडते. प्रणाली नव्यानेच बनते आहे तर दुसरीच घ्या, खर्चात फरक नाही. अर्जावर बारकोड छापला तर टाइप करणंच टळतं, पण अंकही छापा, कारण चहा सांडलेला बारकोड कोणीच वाचत नाही. जन्मतारीख आणि गुण यांना पडताळा अंक लावता येत नाही. तिथे जुनीच रीत चालते: दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे एंट्री मारायची आणि फरक पडेल तेवढंच तपासायचं. पंच कार्डांच्या काळात त्यासाठी वेगळं यंत्रच असायचं. सगळा अर्ज दोनदा मारायची गरज नाही. ज्या तीन-चार रकान्यांतल्या चुकीने प्रवेश जातो किंवा चुकीचा मिळतो, तेवढेच.

अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम असेल तर तिथे कागद आणि स्क्रीन मुळातच वेगळे वागतात. कागदावर विद्यार्थी दोन अभ्यासक्रमांपुढे १ लिहू शकतो किंवा १, २, ४ असं लिहून ३ गाळू शकतो. ऑनलाइन ते होऊ देत नाहीत. कागदावर झालं तर काय करायचं याचा नियम आधी लिहून ठेवा आणि तो अर्जावर छापा. नियम नसेल तर प्रत्येक टेबलावर आपापला नियम तयार होतो, आणि प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्याने तक्रार केली की उत्तर देता येत नाही.

आता दिसण्यातलं साम्य खरंच कुठे उपयोगी पडतं ते सांगतो. विद्यार्थ्याने ऑनलाइन भरलेला फॉर्म शेवटी छापला जातो किंवा पीडीएफ म्हणून निघतो: सहीसाठी, कागदपत्रं जोडण्यासाठी, नंतरच्या दुरुस्तीसाठी. ती प्रत मात्र हुबेहूब कागदी अर्जासारखी हवी. तेच क्रमांक, तोच क्रम, तीच पानं. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन्ही प्रकारचे अर्ज एकाच गठ्ठ्यात येतात आणि त्याची नजर ‘१४ नंबरला जात प्रमाणपत्र, २२ नंबरला गुण’ अशी ठरलेल्या जागी जाते. पुष्कळ प्रणाल्या ऑनलाइन फॉर्मची प्रत म्हणून एक लांबलचक दोन-स्तंभी तक्ता छापतात, आणि कार्यालयाचा खरा वैताग बहुधा त्या तक्त्याचा असतो. ‘स्क्रीन अर्जासारखी हवी’ असं ते म्हणतात तेव्हा कधीकधी त्यांना ही छापील प्रत अर्जासारखी हवी असते. विचारून बघा. प्रतिज्ञापत्राचा मजकूर तर अक्षरशः एकच हवा. कागदावर ज्यावर सही केली आणि स्क्रीनवर ज्यापुढे टिक केली, त्या मजकुरात एका शब्दाचाही फरक असेल तर एखाद्या वादात ते प्रकरण महागात पडतं.

आणि आवृत्ती. अर्जाच्या तळाशी, बारीक अक्षरांत का होईना, अर्जाचा नमुना क्रमांक आणि आवृत्तीची तारीख छापलेली हवी. एंट्रीच्या स्क्रीनवर पहिला रकाना तोच हवा. मध्येच प्रश्न बदलला तरी जुने कोरे अर्ज खिडकीपाशी, महाविद्यालयांच्या कपाटांत, झेरॉक्सवाल्याकडे पडून असतात आणि भरून येत राहतात. आवृत्ती टाकली की त्या आवृत्तीच्या क्रमाने स्क्रीन उघडली पाहिजे. हे मागितलं तर सॉफ्टवेअरवाले कुरकुर करतील. निदान इतकं तरी करून घ्या की आवृत्ती नोंदली जाईल आणि जुनी असेल तर लाल पट्टी दिसेल.

चाचणी कशी घ्यायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं त्यावर अडतं. सॉफ्टवेअरवाले स्वतः बनवलेल्या नीटनेटक्या माहितीवर प्रात्यक्षिक दाखवतात. ते पाहून सही करू नका. गेल्या वर्षीचे खरे भरलेले अर्ज काढा, नावं आणि क्रमांक झाकून त्यांच्या प्रती करा, आणि मुद्दाम वाईट निवडा: खाडाखोड असलेले, दोन चौकटींत टिक केलेले, पत्ता समासात गेलेले, एक पान कोरं राहिलेले. रोज एंट्री करणाऱ्या माणसाला बसवा आणि तुम्ही गप्प बसा. तो कुठे मान वर करतो, कुठे माऊसला हात लावतो, कुठे मागे जातो, एवढंच टिपायचं. मान वर केलेली प्रत्येक जागा म्हणजे कागद आणि स्क्रीन जिथे जुळत नाहीत ती जागा. विद्यार्थ्यांची स्क्रीन वेगळी तपासा, ज्यांनी अर्ज कधी पाहिला नाही अशांकडून, त्यांच्याच मोबाइलवर.

प्रणाली आधीच तयार झाली असेल आणि आता काही बदलणार नाही असं सांगत असतील, तर तीन गोष्टी तरीही होतात. रकान्यांच्या नावांआधी कागदावरचे क्रमांक घालून घ्या, तो फक्त मजकुराचा बदल आहे. टॅबचा क्रम बदलून घ्या, त्यासाठी रकाने हलवावे लागत नाहीत. आणि उरलेलं कागदाच्या बाजूने करा: पुढच्या छपाईत अर्जाचाच क्रम स्क्रीनप्रमाणे लावा. यात कार्यालयाला हार वाटेल. पण एंट्री करणाऱ्याला कोण जिंकलं याने फरक पडत नाही, त्याला दोन्ही जुळलेली हवीत.

बदल करायचा तो प्रवेशाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, कागद आणि स्क्रीन दोन्ही एकाच दिवशी. हंगाम चालू असताना फक्त स्क्रीन ‘सुधारली’ तर त्या दिवशी टेबलावर असलेला सगळा गठ्ठा जुन्या क्रमाचा असतो.